राखणीचा पाणकावळा

१

सकाळी सहा वाजता काकीच्या हातचा कोरा चहा, मग वही, दुर्बीण आणि बांध. फेब्रुवारीपासून माझा हाच क्रम होता.

रेवसच्या अलीकडे मानखार हे आमचं गाव. खाडीलगतच्या खारेपाटातल्या बहुतेक घरांप्रमाणे आमच्याही घरामागे तलाव आहे. पाऊण एकराचा, तीन बाजूंना मातीचा बांध, चौथ्या बाजूला पाणी सोडायची उघाडी आणि तिच्यापलीकडे कांदळवन आणि खाडीचा चिखल. तलावात जिताडे मासे. जिताडा हाताभर व्हायला दोन-तीन वर्षं लागतात, मग एका मे महिन्यात पाणी उपसून ते काढायचे. दत्तात्रेयकाकांचे यंदा निघायचे होते. तोवर रोज पहाटे वीस-बावीस पाणकावळे येऊन त्यातले लहान मासे गिळत. तलावभर रोवलेल्या बांबूंवर पंख पसरून वाळत बसत, आणि पुन्हा बुडी मारत.

मी कायदा शिकले बंगळूरला आणि पक्ष्यांचा कायदा शिकले स्कॉटलंडला. तिथे मत्स्यशेतकऱ्याला पाणकावळा मारायचा असेल तर परवाना लागतो, आणि परवान्याआधी बाकी सगळे उपाय करून थकल्याचा पुरावा. तिथे बसून मी आमच्या तलावाचा विचार करायचे. परत आले ती हे इथे करून दाखवायचं म्हणून.

आल्या दिवशी तलावावर गेले, तर मधल्या बांबूला एक पाणकावळा पायांनी बांधून उलटा टांगलेला होता. पंख सुटून खाली आले होते, चोच पाण्याला टेकत होती. सगळ्या बांबूंमधून तंगूस ताणलेली होती. मासे पकडायची ती नायलॉनची दोरी उजेडात दिसतही नाही. पक्षी तिच्यात अडकतो, आणि अडकलेला पहिला पक्षी टांगायचा. बाकीचे मग हंगामभर दूर राहतात. गावात प्रत्येक तलावावर हेच.

"राखण हाय ती," शेजारचे कोंडाजीबाबा म्हणाले. गावातल्या सगळ्या राखणी तेच बांधत. त्यांची गाठ सुटत नाही अशी ख्याती होती.

"हा गुन्हा आहे, बाबा. तुरुंगवास होतो."

"मना? तुरुंगान दोन येलचा जेवान तरी भेटल. सून घालते त्याच्यापेक्षा बरा."

काकी हसली. मी नाही हसले. मी सांगितलं की पूर्वी कायद्यात उपद्रवी प्राण्यांची एक यादी असायची. साधा कावळा, उंदीर, घूस असे. पाणकावळा तिच्यात कधीच नव्हता, आणि दोन हजार बावीसला तर ती यादीच काढून टाकली.

"म्हंजे आथा कोनच उपद्रवी नाय?" काकीने विचारलं.

"कोणीच नाही."

"बग हां," कोंडाजीबाबा म्हणाले. "आपली यादी आपुन फारली. त्यांचीबी असंल तं तीबी फाराला सांग."

दत्तात्रेयकाका इतका वेळ बांधावर बसून विडी ओढत होते. बाबांचे हे धाकटे भाऊ. बाबा पनवेलला नोकरीत गेले, हे तलावापाशी राहिले. त्यांनी मला पोहायला ह्याच पाण्यात शिकवलं. ते म्हणाले, "एक साल पोरीचा ऐकू. मासं गेलं तं गेलं. गावान हसतील, हसू दे."

त्याच दुपारी मी गळाभर पाण्यात उतरून राखण काढली आणि पक्षी पुरला. सगळी तंगूस गुंडाळून घरात कुलपात ठेवली. बांबूंना चमकत्या फिती बांधल्या, दोन बाजूंना वाजवायला डबे लावले, आणि रोज पहाटे बांधावरून फेऱ्या मारायला लागले. थोडे मासे गेले, फार नाही. मार्चअखेर गावातल्या आणखी दोघांनी विचारलं, फिती कुठे मिळतात. मी वहीत त्या तारखेखाली तीन रेघा मारल्या.

२

पाणकावळे सगळ्या बांबूंवर बसत, मधला सोडून. राखण काढून महिना झाला होता. आठवण राहत असेल, असं मी लिहिलं.

एप्रिलच्या चार तारखेला मधल्या बांबूवर काहीतरी चमकलं. दुर्बिणीतून पाहिलं. तंगूसचा फास होता, बांबूच्या शेंड्याला घट्ट बांधलेला. त्यातून पांढऱ्या कापडाची एक पट्टी लोंबत होती.

घरातली तंगूस कुलपात जशीच्या तशी होती. खाडीत जुन्या जाळ्यांचे तुकडे वाहत येतात. घारी घरट्यासाठी वाळत घातलेले कपडे उचलतात, हे मी स्वतः पाहिलं आहे. मी पाण्यात उतरून ते काढून आणलं. पट्टी काकांच्या बनियनची होती. काकी म्हणाली, बनियन दोन दिवसांपासून दोरीवर दिसत नव्हता.

चार दिवसांनी तिथे अख्खा बनियन होता. तोही काढला. आठवड्याने काकांचा निळा सदरा. एक बाही एका बाजूला ताणून बांधलेली, दुसरी मोकळी.

घार कापड उचलते. घार गाठ मारत नाही. मी सदरा घेऊन तडक कोंडाजीबाबांकडे गेले. ते ओटीवर बसले होते, डावा पाय स्टुलावर, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पट्टी.

"बाबा, हे तुम्ही करताय. तुमची गाठ आहे."

त्यांनी सदरा हातात घेतला, गाठ बोटाने चाचपली. "गाठ माजी हाय," ते म्हणाले. "पन मी शिमग्यापासून पान्यान नाय उतरलो, बाय. साखरंचा पाय. डागतर बोल्ला, भिजला तं कापू." त्यांनी सदरा उलटसुलट केला. "कसा बांधलेला व्हता?"

"बांबूला. शेंड्याला."

"गला वर का खाली?"

मी आठवलं. सदऱ्याचा खालचा काठ बांबूला होता. कॉलर पाण्याकडे.

मी त्यांच्या टोमण्याची वाट पाहत होते. त्यांनी सदऱ्याची घडी घातली, माझ्या हातात दिली आणि विचारलं, "दत्ता कंय हाय?"

३

काका घरात होते. गेले काही दिवस घरातच असायचे, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

पक्षी माणसाला किती जवळ येऊ देतात आणि किती अंतरावर उडतात, याची मी वहीत नोंद ठेवत होते. त्यावरून भीती मोजता येते. मी दिसले की आमचे पाणकावळे चाळीस पावलांवर उडायचे, कारण मी नवीन. काका रोजचे, म्हणून तीस. ही तीस पावलं मी मधल्या बांबूच्या रेषेत, बांधावर दगड ठेवून नक्की केली होती.

दुसऱ्या दिवशी काकांना म्हटलं, चला, उघाडीची फळी बघू. ते आले. गप्पा मारत आले. पंप कोणाचा आणायचा, डिझेल किती लागेल, पेणच्या बाजारात जिताड्याला काय भाव. बांधावर वळलो आणि ते थांबले.

"काय झालं?"

"काय नाय. कंटाला आला. तू बग फली."

"इतक्या जवळ आलोय."

"बोललो ना."

त्यांचा आवाज चढला नव्हता. ते मधल्या बांबूकडे पाहत होते, आणि बांबू त्या दिवशी रिकामा होता. मी खाली पाहिलं. माझा दगड त्यांच्या पायाच्या अंगठ्याला लागून होता.

योगायोग असेल, म्हणून पुढचे पाच दिवस काही ना काही निमित्ताने मी त्यांना बांधावर आणलं. रोज ते तिथेच थांबले. एकदा मी दगड उचलून लपवून ठेवला. तरीही तिथेच. सहाव्या दिवशी ते बांधावरच आले नाहीत. ज्या माणसाने मला हात धरून ह्या पाण्यात नेलं, तो मागच्या दाराची कडी आतून लावून बसला होता. काकीने विचारलं तर म्हणाले, "मना नाय जावाचा." एवढंच, लहान मुलासारखं.

मी पहारा सुरू केला. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत बांधावर, डबा तिथेच. पहिला दिवस काही नाही, दुसरा नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी बारा दहाला वहीत वेळ लिहायला मी मान खाली घातली. चार आकडे. मान वर केली तर मधल्या बांबूवर काकांची चौकड्यांची हाफ पँट होती, दोन्ही पायांच्या टोकांना बांधलेली. पाण्यावर तरंग नव्हता. सगळे पाणकावळे आपापल्या बांबूवर पंख पसरून बसले होते, आणि एकाचंही तोंड पाण्याकडे नव्हतं. सगळे घराकडे बघत होते.

४

"एकच पाखरू, गो," काकी म्हणाली.

स्वयंपाकघरात मी आणि ती. काका आत झोपले होते. हल्ली ते दुपारी खूप झोपत. चार घास खाऊन उठत.

"कोंडाजी बोल्ला, तो दुसऱ्या कुनाला पान्यान उतरवल नि बांधून घेल. एक पाखरू टांगला की झाला. सगला पयल्यासारखा."

"काकी, त्याने काय होईल?"

"मना काय म्हाईत काय व्हईल. तुज्या काकाला बगतंस ना तू?"

मी बघत होते. म्हणूनच त्या संध्याकाळी अर्ज लिहायला बसले. कायद्यात सोय आहे, कलम अकरा. प्राण्यापासून जीविताला किंवा मालमत्तेला धोका असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक लेखी परवानगी देऊ शकतात. कारणं नोंदवून. मी नाव लिहिलं, गाव लिहिलं, प्रजाती लिहिली. मग कारणापाशी आले. मासे फारसे गेले नव्हते, हे माझ्याच वहीत होतं. जीविताला धोका, असं लिहिलं आणि पुढे धोक्याचं स्वरूप लिहायला पेन टेकवलं. सदरा. बनियन. हाफ पँट. माणूस बांधावर जात नाही.

अर्ध्या तासाने मी तो कागद फाडला. असं कारण देऊन जीव मागायचा, तर मग कशासाठीही मागता येईल. कोणीतरी आपल्याला भीती घालतं म्हणून आपण मारायचं, हेच तर गावभर चाललं होतं. काका घाबरले होते ते एका बांबूवरच्या कपड्यांना. कपडे काढता येतात. एकदा नाही निघाले तर शंभरदा.

"परवा उपसणी आहे," मी काकीला सांगितलं. "काकांच्या आधी मी पाण्यात उतरेन. जे काय असेल ते काढेन, उघाडीच्या पलीकडे खोल पुरेन, आणि मग काका स्वतः येतील. तू फक्त त्यांना बांधापर्यंत आण."

काकीने भाकरीचं पीठ मळायला घेतलं. "आनि नाय आला तं?"

"तर मी पक्षी टांगू देईन," असं म्हणाले असते तर ती निर्धास्त झाली असती. मी म्हटलं, "येतील."

५

आदल्या दिवसापासून पंप चालू होता. सकाळी नऊपर्यंत पाणी मांडीभर उरलं. जिताड्यांच्या पाठी मधूनमधून पाणी फाडत होत्या. जाळं ओढायला गावातले चौघे आले होते. कोंडाजीबाबा पाय कोरडा ठेवून खुर्चीवर बसले होते. आमच्याकडे उपसणीला पहिला पाय तलावाच्या धन्याचा. तो उतरून एक मासा हाताने धरून वर टाकतो, मग बाकीचे उतरतात. म्हणून सगळे थांबले होते.

काकी काकांना घेऊन आली. दगडाच्या जागी ते थांबले.

मधल्या बांबूवर आता सगळं होतं. मी घरी आणून धुऊन ठेवलेला निळा सदरा, हाफ पँट, दोन्ही बाह्या दोन बाजूंना सुटलेल्या. पाय वर, गळा खाली. वारा नव्हता. चौघांपैकी एक म्हणाला, "बुजगावना उलटा कोनी लावला?" आणि दुसरा हसायला लागून थांबला, कारण कोंडाजीबाबांनी त्याच्याकडे पाहिलं.

मी कंबरेला कोयती खोचली आणि उतरले.

पाणकावळे उडाले नाहीत. चाळीस पावलं, तीस, वीस. मी मनात मोजत होते. मला सवयीने ओळखायला लागले असतील, असंही मनात म्हटलं. गाळ घोट्यापर्यंत ओढत होता. बांबूपाशी पोचले तेव्हा दोन्ही बाजूंचे पक्षी माझ्या हाताच्या अंतरावर होते, हिरव्या डोळ्यांचे, गळ्याची कातडी हलत असलेले.

कापड कापड असतं, असं म्हणून मी हात लावला. ते गरम होतं. ऊन होतं, ते गरम असणारच. आतून भरलेलंही होतं. गवत, शेवाळ, काटक्या, पाणकावळे घरट्यात घालतात ते सगळं. सदऱ्याचा गळा पाण्यात चार बोटं बुडाला होता. त्याच्या भोवती काहीतरी बारीक, पांढरं-काळं, पाण्याबरोबर पसरत होतं आणि मिटत होतं. शेवाळ पांढरं नसतं. मी तिकडे पुन्हा पाहिलं नाही.

कोयतीने वरच्या दोन गाठी कापल्या. ते माझ्या खांद्यावर आलं आणि मी गुडघ्यांत वाकले. ओल्या गवताचं एवढं वजन होत नाही. तरी मी ते तसंच सांभाळलं, आणि काकांच्या बांधाकडे न वळता सरळ उघाडीकडे चालत राहिले. माझ्या पाठीवर सदऱ्याची बाही लागत होती. चालताना एकदा ती माझ्या कमरेभोवती आली. पाऊल घसरलं की असं होतं.

उघाडीपलीकडे, कांदळवनाच्या कडेला, काल खणून ठेवलेला खड्डा होता. मी ते त्यात ठेवलं, पालथं. फावड्याने चिखल ओढला. काम पाच मिनिटांचं होतं. एकही घाव वाकडा पडला नाही.

६

परत उघाडीवर चढले तेव्हा तलावाच्या त्या टोकाला हसण्याचा आवाज होता.

काका पाण्यात उतरले होते. दगड ओलांडून, बांध उतरून, मांडीभर पाण्यात. त्यांनी हात घातला आणि दीड हाताचा जिताडा कवेत घेऊन वर काढला, अंगठा कल्ल्यात. गावकरी ओरडले. काकीने तिथूनच मला हात जोडले. ती रडत होती. "क्रांते," काका ओरडले, "बगलंस काय? उगाच घाबरलो गो."

मी हसले. उघाडीच्या फळीवर बसले. जिंकलो होतो. एकही पक्षी न मारता.

जाळं पडलं. चौघे पाण्यात आले तसे पाणकावळे त्यांच्यापासून लांब उडाले, तीस-चाळीस पावलं, नेहमीसारखे. आणि परत आले ते काकांपाशी. काकांच्या पायांमधून एकाने बुडी मारली. दुसरा त्यांच्या हाताखालून मासा घेऊन गेला. काकांनी हात हलवला तरी ते हलले नाहीत. मग एक त्यांच्या खांद्यावर बसला, पंख पसरून, वाळायला, जसा बांबूवर बसतो.

"काकाला वलखतान आथा," कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. काकाही हसले. कोंडाजीबाबा खुर्चीतून उठून उभे राहिले होते. ते काकांकडे पाहत नव्हते. ते माझ्या मागे, खाडीकडे पाहत होते.

मी वळले. ओहोटी लागली होती. ह्या वेळी चिखलावर पक्ष्यांची जत्रा असते, बगळे, तुतारी, शेकाट्या. तशी ती होतीही. फक्त कांदळवनाच्या कडेला एक जागा मोकळी होती. गोल, स्वच्छ, एकही पक्षी नसलेली. एक बगळा मासा टिपत टिपत त्या गोलाच्या काठाशी आला, मान वर केली आणि उडून गेला. मग एक तुतारी आली, तीही तिथूनच फिरली.

जिवंत माणूस जवळ असला की ते असं करतात.

मी पुन्हा तलावाकडे पाहिलं. काका पाण्यात उभे होते आणि त्यांच्या दोन्ही खांद्यांवर पक्षी होते. "क्रांते, कंय चाललीस?" ते म्हणाले. आवाज त्यांचाच होता. "यं, मासं बग."

मी फावडं उचललं आणि चिखलात उतरले. गोलाच्या काठापासून मोजत निघाले, कारण मोजलं नसतं तर पाय उचलला नसता. दहा. वीस. मागून हाक पुन्हा आली, जवळून आल्यासारखी. मी थांबले नाही. तिसाव्या पावलाला खड्डा होता. मी थापलेला चिखल मधोमध भेगाळला होता, आणि भेगेतून एक बुडबुडा वर आला, फुटला, आणि थोड्या वेळाने दुसरा.

मी फावडं बाजूला टाकलं. त्याने काकांना लागलं असतं. गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हातांनी उकरायला लागले.